चढत्या सत्तेशी वागावे कसे?

परराष्ट्रधोरण हा दिल्लीच्या कचेऱ्यांतला विषय, आपला त्याच्याशी संबंध वर्तमानपत्राच्या मथळ्यापुरता, अशी समजूत शहरोशहरी आढळते. ही समजूत किती महाग पडते हे महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी १९१६ साली अनुभवले आहे. त्या वर्षी २९ एप्रिल रोजी मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर एका उपाशी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. त्या फौजेचे नाव होते ‘पुणे डिव्हिजन’. तीत कोकणातल्या व घाटावरच्या तरुणांच्या मराठा पलटणी होत्या. तुर्कांशी या तरुणांचे काय वैर होते? काहीच नव्हते. लंडन आणि बर्लिन यांच्यामध्ये पंधरा-सोळा वर्षे एक वाद धुमसत होता, युरोपातल्या इतर भांडणांशी तो एकवटला आणि त्याचा वणवा तैग्रिस नदीच्या काठापर्यंत पोहोचला. त्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसे समुद्रापार गेली. त्यांपैकी एकालाही कोणी धोरणाविषयी मत विचारले नव्हते.

आज आपल्याला मत विचारले जाते. म्हणून हा विषय समजून घेणे हे आपले कर्तव्य ठरते. एखादे राष्ट्र झपाट्याने वाढू लागले, त्याची संपत्ती, सैन्य आणि आकांक्षा दर दहा वर्षांनी वेगळ्या दिसू लागल्या, तर इतर राष्ट्रांनी त्याच्याशी कसे वागावे, हा तो प्रश्न होय. आपल्या उत्तरेला असे एक राष्ट्र उभे आहे. परंतु चीनकडे वळण्यापूर्वी हाच प्रश्न इतरांनी कसा सोडवला किंवा बिघडवला हे पाहू. घरच्या प्रश्नावर बोलताना रागलोभ आड येतात. दूरच्या दाखल्यात विचार अधिक स्वच्छ होतो.

प्रश्नाचे स्वरूप

कौटिल्याने राजनीतीची सहा अंगे सांगितली आहेत : संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. ही नावे आपल्या कानांवर असतात. पण त्याच प्रकरणात आलेल्या एका विचाराकडे फारसे लक्ष जात नाही. शत्रू वाढत आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही, असे कौटिल्य मानतो. त्याच्यापेक्षा आपली वाढ अधिक लवकर, अधिक मोठी किंवा पुढे अधिक फळ देणारी होणार असेल, तर त्याच्या वाढीकडे खुशाल काणाडोळा करावा. म्हणजे मोजायचे ते दोघांमधले अंतर, आणि ते वाढते आहे की घटते आहे हे.

यात आणखी दोन प्रश्नांची भर घालावी लागते. चढत्या सत्तेला हवे आहे ते काय, आणि ते आपल्या जिवाच्या जागी आहे की अंगणाच्या कडेला? आणि तिसरा : आपल्या पदरी बळ किती, मित्र किती? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून चार वाटा फुटतात. पहिली, वाट देणे : मागण्या मान्य करून स्नेह जोडणे. दुसरी, अडवणे : व्यापार, शस्त्रे, मित्रसंघ यांच्या साह्याने तिच्याभोवती बांध घालणे. तिसरी, गुंतवणे : तिला व्यापारात व आंतरराष्ट्रीय संस्थांत इतके ओढून घ्यावे की भांडण तिलाच परवडू नये. चौथी, तोल धरणे : उघड वैर न पत्करता आपले बळ आणि आपले मित्र वाढवीत राहणे. व्यवहारात या वाटा एकमेकींत मिसळतात. तथापि मिश्रण ओळखायचे तर घटक ठाऊक असावे लागतात.

अमेरिकेला दिलेली वाट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटन ही जगातली पहिली सत्ता होती. तिचे आरमार पुढच्या कोणत्याही दोन राष्ट्रांच्या एकत्रित आरमाराइतके असावे असा दंडक १८८९ साली कायद्याने स्वीकारला गेला होता. परंतु कारखान्यांत मात्र दोन राष्ट्रे तिच्या पुढे निघाली होती. १९१३ साली अमेरिकेने सुमारे ३ कोटी १८ लाख टन, जर्मनीने १ कोटी ७६ लाख टन आणि ब्रिटनने अवघे ७७ लाख टन पोलाद तयार केले. एकाच वेळी दोन सत्ता चढत होत्या. एकीशी ब्रिटनने कायमचा स्नेह केला आणि दुसरीशी दोन महायुद्धे केली. असे का झाले?

अमेरिकेशी प्रारंभ तर वाईटच झाला होता. व्हेनेझुएला आणि ब्रिटिश गियाना यांच्या सरहद्दीचा तंटा होता. अमेरिकेचे म्हणणे असे की या खंडातला वाद लवादापुढे गेलाच पाहिजे. ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी याने ते फेटाळले. तेव्हा १७ डिसेंबर १८९५ रोजी अध्यक्ष क्लीव्हलंड याने अमेरिकन काँग्रेसपुढे जवळजवळ युद्धाची भाषा केली. पुढच्याच पंधरवड्यात दक्षिण आफ्रिकेच्या प्रकरणात जर्मन कैसरने अध्यक्ष क्रूगर याला अभिनंदनाची तार पाठवली. ब्रिटनला एकदम उमगले की आपण सर्वांशी एकाच वेळी भांडू शकत नाही. त्याने लवाद मान्य केला. १८९९ साली निकाल लागला तो बव्हंशी ब्रिटनच्याच बाजूने लागला, हा भाग वेगळा. लवाद मागण्याचा अमेरिकेचा अधिकार मान्य झाला, ही खरी घटना होय.

त्यानंतर सवलतींची रांगच लागली. १८५० च्या करारान्वये मध्य अमेरिकेतील कालव्यावर दोघांपैकी कोणाचाही एकट्याचा ताबा असणार नव्हता. १९०१ च्या करारान्वये ब्रिटनने तो हक्क सोडला आणि पनामाचा मार्ग अमेरिकेला मोकळा झाला. १९०३ साली अलास्काच्या सरहद्दीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले. त्यात तीन अमेरिकन, दोन कॅनेडियन आणि एक इंग्रज न्यायमूर्ती, लॉर्ड अल्व्हर्स्टन, होते. इंग्रज न्यायमूर्तींनी अमेरिकनांच्या बाजूने मत दिले आणि कॅनेडियन सभासदांनी संतापून निकालावर सही करण्याचे नाकारले. पुढे दोन-तीन वर्षांतच ब्रिटनने त्या सागरातली आपली आरमारी ठाणी जवळपास रिकामी केली.

हे सर्व भाषा आणि रक्त एक म्हणून घडले असे सांगण्याची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण थोडे. याच दोन राष्ट्रांनी १८१२ साली युद्ध केले होते, आणि १८६१ मध्ये अमेरिकन यादवीच्या वेळी ती पुन्हा युद्धाच्या उंबरठ्यावर आली होती. खुद्द सॉल्झबरीने १९०२ साली खासगीत अशी खंत व्यक्त केली की त्या यादवीत हात घातला असता तर अमेरिकेचे बळ आटोक्यात ठेवता आले असते. अशी संधी राष्ट्राला दोनदा येत नाही. हा मायेचा उद्गार नव्हे. खरी कारणे दोन होती. अमेरिकेला जे हवे होते ते ब्रिटनच्या जिवाच्या जागी नव्हते. आणि मोजावी लागलेली किंमत बरीचशी दुसऱ्यांच्या खिशातली होती. कॅनडाला त्याची जाणीव झाली, म्हणूनच तो चिडला. मोठ्या सत्ता एकमेकींना वाट देतात तेव्हा मध्ये उभ्या असलेल्या लहानांची अंगणे तुडवली जातात. ही गोष्ट पुढे आपल्या कामी येणार आहे.

जर्मनीला घातलेला बांध

जर्मनीला हवे होते ते मात्र वेगळे होते. १८९८ आणि १९०० च्या आरमारी कायद्यांनी अॅडमिरल टिर्पिट्झने ३८ मोठ्या युद्धनौकांचे आरमार उभारण्याचा घाट घातला. हे आरमार दूरच्या वसाहतींसाठी नव्हते. ते उत्तर समुद्रात, इंग्लंडच्या दाराशी राहणार होते. टिर्पिट्झचा हिशोब असा की हे आरमार ब्रिटनला हरवू शकले नाही तरी चालेल. लढाईत ब्रिटनचे इतके नुकसान होईल अशी धास्ती निर्माण झाली की ब्रिटन आपसूक सवलती देईल. पण हिशोब उलटला. ज्या बेटाचा बहुतेक गहू जहाजांतून येतो आणि ज्याचे लष्कर लहान आहे, त्याला आरमार म्हणजे श्वासनलिका. तिच्यावर बोट ठेवले की माणूस वाटाघाट करीत नाही, हात झटकतो.

ब्रिटनने १९०२ साली जपानशी दोस्ती केली, १९०४ साली फ्रान्सशी आणि १९०७ साली रशियाशी समझोता केला. या शेवटच्या करारात इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांचे व्यवहार हिंदुस्थानच्या नावाने, पण हिंदी जनतेला न विचारता ठरले. १९०६ साली ‘ड्रेडनॉट’ ही नवी युद्धनौका पाण्यात उतरली आणि चढाओढ नव्याने सुरू झाली.

याच सुमारास ब्रिटिश परराष्ट्रखात्यात एक वाद झाला. चढत्या सत्तेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा. १ जानेवारी १९०७ रोजी आयर क्रो या अधिकाऱ्याने एक टिपण लिहिले. जर्मनीच्या वागण्याचे दोन अर्थ संभवतात, असे तो म्हणाला. एक तर तिला युरोपवर वर्चस्व हवे आहे. नाही तर तिच्या मनात ठरलेले काही नाही, ती चाचपडते आहे. पण कोणताही अर्थ खरा असो, आरमार तयार झाल्यावर आज नसलेली इच्छा उद्या उत्पन्न होऊ शकते. म्हणून हेतूपेक्षा सामर्थ्याकडे पाहावे आणि मोबदल्याशिवाय सवलती देऊ नयेत. तरी जर्मनीच्या रास्त वाढीला विरोध करावा असे त्याचे म्हणणे नव्हते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

निवृत्त ज्येष्ठ अधिकारी सँडरसन याने त्यावर उत्तर लिहिले. जर्मनी उशिरा एक झालेले, म्हणून घाईत असलेले राष्ट्र आहे. तिच्या प्रत्येक हालचालीत कट पाहू नये. परक्याच्या नजरेने पाहिले तर ब्रिटिश साम्राज्य हे जगभर हातपाय पसरून बसलेल्या, बोटे वाताने सुजलेल्या महाकाय माणसासारखे दिसत असेल. कोणी जरा जवळून गेले तरी तो किंचाळतो. सँडरसनची ही उपमा आजच्या कोणत्याही प्रस्थापित सत्तेने आरशाजवळ लावून ठेवावी अशी आहे.

दोघांत बरोबर कोण? आम्हांस असे वाटते की क्रोचे निदान बरोबर होते. पण उपचार करताना सँडरसनची आठवण ठेवायला हवी होती. आरमाराची चढाओढ ब्रिटनने जिंकली. १९१२ साली लॉर्ड हॉल्डेन बर्लिनला जाऊन आले. युद्ध झाल्यास ब्रिटनने तटस्थ राहण्याचे वचन द्यावे, असे जर्मनीने मागितले. ते मिळाले नाही, आणि बोलणी फिसकटली. तरी त्यानंतर जर्मनीने खर्चाचा ओघ लष्कराकडे वळवला, आणि बगदाद रेल्वेसारख्या प्रश्नांवर १९१४ पर्यंत तडजोडीही होत आल्या. म्हणजे मूळ वाद निवळत असताना युद्ध पेटले. आणि पेटले ते बाल्कनच्या बाजूने. कारण बांध घालताना जे मित्रसंघ उभे राहिले, त्यांनी एकाचे भांडण सर्वांचे करून ठेवले होते. आणि ब्रिटन नेमके केव्हा लढेल हे बर्लिनला शेवटपर्यंत स्पष्ट कळले नव्हते. बांध घालणे चुकीचे नव्हते. बांधाला दरवाजा नसणे आणि त्यावर पाटी नसणे ही चूक होती.

आणखी एक भ्रम त्या युद्धाने घालवला. ब्रिटन आणि जर्मनी ही एकमेकांची उत्तम गिऱ्हाइके होती. नॉर्मन एंजल या लेखकाने १९०९-१० च्या सुमारास दाखवून दिले होते की अशा जगात जेत्यालाही युद्ध परवडणार नाही. त्याचे गणित अगदी बरोबर होते. परवडले कोणालाच नाही. तरी युद्ध झालेच.

चीनला गुंतवून घेण्याचा प्रयोग

आता आपल्या काळाकडे येऊ. चिनी प्रजासत्ताकाशी वागताना अमेरिकेने वर सांगितलेल्या वाटा एकामागून एक चालून पाहिल्या आहेत. १९४९ नंतर वीस वर्षे तिने अडवण्याचे धोरण चालवले. कोरियात दोन्ही सैन्ये प्रत्यक्ष लढली, व्यापार बंद झाला, तैवानशी १९५४ साली संरक्षणकरार झाला. पुढे रशिया आणि चीन यांच्यात वितुष्ट आले. तेव्हा जुलै १९७१ मध्ये हेन्री किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला गेले, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन उघडपणे गेले. येथे हेतू साधा होता : रशियाविरुद्ध तोल साधणे. तो सफल झाला.

डिसेंबर १९७८ पासून डंग श्याव-फिंग यांनी चीनचे दरवाजे व्यापाराला उघडले आणि त्यानंतर अमेरिकेच्या धोरणाचा हेतू हळूहळू बदलला. व्यापाराने मध्यमवर्ग वाढेल, मध्यमवर्गाने राज्यपद्धती सैल होईल, आणि जगाच्या नियमांत वाढलेला चीन ते नियम पाळेल, ही आशा धरली गेली. १९८९ च्या तिएनआनमेन चौकातील हत्याकांडानेही ती मोडली नाही. १९९४ साली क्लिंटन सरकारने व्यापारी सवलतींची मानवी हक्कांशी घातलेली सांगड सोडली. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. २०१० साली जपानला मागे टाकून तो जगातली दुसरी अर्थसत्ता बनला. मघा आपण पोलादाचे आकडे पाहिले, त्याच मापाने पाहा : २०२४ साली चीनने सुमारे १०० कोटी टन पोलाद तयार केले. ते साऱ्या जगाच्या निम्म्याहून अधिक होते.

संपत्ती वाढली, पण राज्यपद्धती सैल झाली नाही. दक्षिण चीनच्या समुद्रात खडकांवर भराव घालून तळ उभे राहिले. १२ जुलै २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय लवादाने फिलिपाइन्सच्या बाजूने निकाल दिला. चीनने तो मानला नाही. २०१७ अखेर अमेरिकेने आपल्या अधिकृत धोरणपत्रिकेत चीनला प्रतिस्पर्धी म्हटले, २०१८ पासून जकाती बसवल्या आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च प्रतीच्या सेमीकंडक्टर चिप व त्या बनवण्याची यंत्रे चीनला देण्यावर निर्बंध घातले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेची जकात शेकडा १४५ पर्यंत चढली. चीनने दुर्मिळ खनिजे आणि त्यांपासून होणारी चुंबके यांच्या निर्यातीला लगाम घालून उत्तर दिले. काही आठवड्यांत अमेरिकेला जकात उतरवावी लागली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बुसान येथे दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी वर्षभराचा तह केला.

यावरून गुंतवण्याचे धोरण फसले असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. तो निम्मा खरा आहे. व्यापाराने स्वभाव बदलतो ही अपेक्षा फसली. परंतु कोट्यवधी चिनी माणसे दारिद्र्यातून वर आली आणि दोन अण्वस्त्रधारी सत्ता अर्धशतक लढल्या नाहीत, हेही त्याच काळात घडले. खरा धडा वेगळाच आहे. दोघे एकमेकांत गुंतले की दोर दोन्हीकडून ओढता येतो. आणि ज्याच्या हाती अधिक निकडीची वस्तू आहे त्याची ओढ अधिक. गुंतवणारा स्वतःही गुंततो.

आपला शेजार

भारताचा अनुभव या सर्वांहून अधिक कडू आहे, कारण आपल्याला अमेरिकेप्रमाणे मध्ये महासागर लाभलेला नाही. ३० डिसेंबर १९४९ रोजी आपण चीनच्या नव्या राजवटीला मान्यता दिली. २९ एप्रिल १९५४ च्या करारात पंचशील आले, आणि तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे त्यात आपण मान्य केले. हे वाट देण्याचे व गुंतवण्याचे धोरण होते. त्यामागचा विचार हास्यास्पद नव्हता. गरीब, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला उत्तर सीमेवर मोठे सैन्य पोसणे शक्य नव्हते. दोष असा की सवलत देताना सरहद्दीचा प्रश्न मिटवून घेतला नाही. क्रोचे ‘मोबदल्याशिवाय नको’ हे सूत्र येथे अक्षरशः लागू पडते.

१९५७ मध्ये अक्साई चीनमधून चीनने रस्ता नेल्याचे उघड झाले, १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, आणि धोरण दुसऱ्या टोकाला गेले. नोव्हेंबर १९६१ पासून पुढे पुढे चौक्या उभारण्याचा क्रम सुरू झाला. पण त्यांच्या पाठीशी रस्ते, तोफा आणि राखीव सैन्य नव्हते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी आक्रमण झाले आणि महिनाभरात आपला पराभव झाला. बळ नसताना वाट देणे जसे घातक, तसेच बळ नसताना अडवणेही.

डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी चीनला गेले आणि तिसरे पर्व सुरू झाले. सरहद्दीचा वाद बाजूला ठेवून इतर संबंध वाढवावेत, असे ठरले. १९९३ आणि १९९६ च्या करारांनी प्रत्यक्ष नियंत्रणरेषेवर शांतता राखण्याचे आणि तिच्यापासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचे बंधन घालून घेतले. १९६७ च्या नाथू लाच्या चकमकींनंतर आणि १९७५ च्या एका घटनेनंतर दशकानुदशके तेथे कोणाचा जीव गेला नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु येथे कौटिल्याची कसोटी लावून पाहा. १९९० च्या सुमारास दोन्ही देशांचे राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ सारखे होते. आज चीनचे उत्पन्न आपल्या सुमारे पाचपट आहे. जगात पोलादनिर्मितीत दुसरा क्रमांक आपला. पण २०२४ साली तो सुमारे १५ कोटी टनांचा होता, म्हणजे चीनच्या सहा-सातपट मागे. वाद थांबवून आपण वेळ मिळवला, आणि त्या वेळाचा अधिक उपयोग समोरच्याने केला. स्वस्थ बसण्याचे धोरण, ज्याला कौटिल्य आसन म्हणतो, तेव्हाच शहाणपणाचे ठरते जेव्हा काळ आपल्या बाजूने धावत असतो.

२०१७ मध्ये डोकलाम येथे ७३ दिवस दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. चीनने आपले चार सैनिक मेल्याचे पुढे कबूल केले. तेव्हापासून आपण तोल धरण्याच्या वाटेवर आहोत. अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया यांच्याबरोबरचे सहकार्य वाढले, सीमेवरचे रस्ते आणि बोगदे झाले, चिनी भांडवलावर निर्बंध आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीविषयी समझोता झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान तिएनजिनला जाऊन आले. हे सर्व एका बाजूला. दुसऱ्या बाजूला २०२४-२५ या वर्षात चीनशी आपल्या व्यापारातली तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. औषधांच्या कच्च्या मालापासून विजेच्या उपकरणांपर्यंत आपण तिकडून घेतो. २०२५ साली चुंबकांचा पुरवठा अडला तेव्हा त्याची झळ आपल्या वाहनकारखान्यांपर्यंत आली. सीमेवर एक धोरण आणि बंदरात दुसरे, अशी ही स्थिती आहे.

मित्रांचा आधार घ्यावा, पण अलास्का विसरू नये. मोठ्या सत्तांचे आपसात जमले की मधल्यांचे हिशोब त्यांच्याविना मिटवले जातात. १९०३ चा कॅनडा तर ब्रिटनच्या घरचा होता. आपण कोणाच्याच घरचे नाही. म्हणून मित्रांचे बळ आपल्या बळात मिळवावे. मित्रांचे बळ हेच आपले बळ असे समजू नये.

आज्ञापत्राची सूचना

महाराष्ट्राला या विषयाचा स्वतःचा एक जुना अनुभव आहे. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. इंग्रज, फिरंगी, वलंदेज हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीमागे एक राजा आहे. हाती आलेले ठाणे ते सोडत नाहीत. म्हणून व्यापार करू द्यावा, पण किनाऱ्यावर जागा देऊ नये; वखार द्यायचीच तर समुद्रापासून दूर, मोठ्या गावाच्या आश्रयाने, सखल जागी द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. प्लासीच्या चाळीस वर्षे आधी केलेले हे निदान अचूक होते. व्यापार हवा, पण त्यातून आपल्यावर पकड बसू नये, हे आजचे आपले कोडे त्यात जसेच्या तसे आहे.

आणि झाले काय? १७५६ साली नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याशी असलेल्या वैरापायी इंग्रजांच्याच मदतीने विजयदुर्ग घेतला आणि मराठ्यांचे सर्वांत सबळ आरमार जाळून गेले. १७७५ साली राघोबादादांनी गादीसाठी सुरतेचा तह केला. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहाने तैनाती फौज पत्करली. शहाणपण दप्तरात होते. ते अमलात आणायला लागणारी एकजूट दरबारात नव्हती. चढत्या सत्तेला आपले दार क्वचितच फोडावे लागते. बहुधा घरातलाच कोणी शेजाऱ्याच्या रागाने ते आतून उघडतो.

तात्पर्य, एखादे सरकार चीनविषयी कठोर बोलते की मृदू बोलते, यावरून त्याच्या धोरणाची पारख होत नाही. नागरिकांनी दर पाच वर्षांनी चार साधे प्रश्न विचारावेत. आपल्यातले अंतर घटले की वाढले? जी वस्तू अडली तर आपले कारखाने आणि इस्पितळे बंद पडतील, अशा वस्तू किती कमी झाल्या? आपल्या जिवाची जागा कोणती आणि अंगणाची कड कोणती, हे समोरच्याला स्पष्ट सांगितले आहे काय? आणि बोलणी करण्याचा दरवाजा उघडा आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळांत, कारखान्यांत आणि शाळांत तयार होतात. शेवटच्या दोहोंची मुत्सद्द्यांच्या बैठकीत. पहिली दोन नसतील तर शेवटच्या दोहोंना वजन येत नाही. आणि शेवटची दोन नसतील तर पहिल्या दोहोंचे पर्यवसान १९१४ मध्ये होते.